कलेची सुरुवात रानात

वेरूळच्या बाराव्या लेण्यातला मातीचा गिलावा हजार वर्षांहून जुना आहे. त्या मातीत आणि चुन्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने दाखवून दिले. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले मॅनेजर राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांचे हे काम. त्यांनी गिलाव्यातले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जालन्याच्या बाजूने आणलेल्या ताज्या भांगेशी ताडून घेतले. या तंतूंनी गिलावा बांधून धरला, दमटपणा झेलला आणि किडीला लांब ठेवले, असा त्यांचा निष्कर्ष. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचा तूस वगैरे दुसरे जिन्नस होते आणि तिथल्या चित्रांचा बराच भाग किड्यांनी खाल्ला. वेरूळच्या त्या कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. मातीत कोणते झाड घालायचे याचा विचार त्याने केला होता, एवढे मात्र खात्रीने सांगता येते, कारण पुरावा भिंतीतच आहे.

झाडापानांपासून घडवलेल्या कलेत ‘आठवण’ असते, असे आपण सहज बोलून जातो. बोलताना मनात बहुधा गावाकडची ओढ असते. माझे म्हणणे त्याहून रोखठोक आहे. वनस्पतीची पहिली आठवण पदार्थात असते. झाड कोणत्या जमिनीत, किती पावसावर, कोणत्या हंगामात वाढले, हे तंतूच्या लांबीत, रंगाच्या छटेत आणि काडीच्या चिवटपणात उतरते. दुसरी आठवण हाताची असते: कधी कापायचे, किती दिवस भिजवायचे, कुठे पीळ द्यायचा. या दोन्ही आठवणी टिकतात त्या एकाच अटीवर, की ते पीक दर वर्षी रानात उभे राहिले पाहिजे. परभणी जिल्ह्यात आज नेमकी हीच अट डळमळीत झाली आहे. म्हणून इथे वनस्पतींच्या कलेचा विचार प्रदर्शनापासून किंवा बचतगटाच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणापासून सुरू करून भागणार नाही. तो पेरणीपासून सुरू करावा लागेल.

परभणी हा काळ्या मातीचा जिल्हा. उत्तरेला जिंतूरचे डोंगर, दक्षिणेला गोदावरी, मधल्या रानातून दुधना आणि पूर्णा. या रानाने ज्वारी, तूर, कापूस, करडई दिली ती खायला आणि ल्यायला. काढणीनंतर जे उरले त्यातून लोकांनी घरातल्या आणि गोठ्यातल्या निम्म्याअधिक वस्तू उभ्या केल्या. तुरीच्या तुराट्या आणि ओढ्याकाठची निरगुडी विणून कैकाड्यांनी टोपल्या आणि धान्याच्या कणग्या केल्या; कणगी मग शेणामातीने लिंपली जाई. अंबाडीच्या सालीचे कासरे, दावी, शिंकी झाली. ज्वारीच्या धांड्यातला पांढरा भेंड काढून पोरांनी बैलगाड्या आणि चष्मे केले. बायकांनी सरकी काढलेला कापूस चिमटीत ओढून, ओल्या बोटांनी दाबत, ठरावीक अंतरावर कुंकवाचा ठिपका देत देवासाठी गेजवस्त्रे केली. बुरुडांचा बांबू सोडला, तर यातल्या बहुतेक वस्तूंसाठी कच्चा माल विकत आणण्याची वेळ येत नसे. सगळे साहित्य अन्नाच्या पिकाचेच उरलेले अंग होते. या व्यवस्थेचे मोठेपण त्यात आहे आणि तिचा दुबळेपणाही त्यातच आहे. पीक बदलले की साहित्य जाते आणि साहित्य गेले की हात रिकामा राहतो.

पीक बदलले, यात शंका नाही. खरिपाचे रान सोयाबीनने व्यापले आहे. सोयाबीन मळणीयंत्रातून निघते तेव्हा मागे भुसकट उरते. त्यात विणायला काडी नाही, वळायला साल नाही, रंगाला फूल नाही. कपाशीचे तेच झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात पिकणारा जवळजवळ सगळा कापूस देशी जातीचा होता. मराठवाड्याच्या या पट्ट्यात गावरानी नावाने तो ओळखला जाई. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत संकरित अमेरिकन कपाशीशिवाय दुसरे काही दिसेनासे झाले. परभणीत निजामी राजवटीत, १९१८ साली, शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, देशी कापसाच्या जातींवरचे काम सोडले नाही. ‘परभणी तुराब’ आणि ‘विनायक’ ही देशी कापसाची वाणे इथलीच. म्हणजे बियाणे जिवंत आहे. तुटली आहे ती बियाण्यापासून हातापर्यंतची साखळी. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोयाबीन त्याने हौस म्हणून पेरलेले नाही. चार महिन्यांत हातात येणारा पैसा त्याला लागतो, आणि कलेच्या नावाने त्याच्याकडे त्यागाची मागणी करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

या तुटलेल्या साखळीत परभणीसाठी सगळ्यात मोलाचे उदाहरण करडईचे आहे. करडई म्हटले की आज तेल आठवते, फार तर कोवळ्या पानांची भाजी. पण शेकडो वर्षे हे झाड रंगासाठीही लावले जात होते. कुसुंबी रंगाचे शेले आणि पातळे ज्या रंगात बुडत, तो रंग याच फुलाचा. फूल पिवळे उमलते आणि कोमेजताना नारिंगी-लाल होत जाते. एका पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सहज विरघळतो, लाल अजिबात विरघळत नाही. रंगारी याच भेदावर काम करतो. वाळलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून तो गार पाण्यात पुन्हा पुन्हा तुडवतो, पिळतो, पिवळे पाणी यायचे थांबेपर्यंत. मग त्याच पाकळ्या राखेच्या निवळीत किंवा खाराच्या पाण्यात भिजवतो. आता अडून बसलेला लाल सुटतो, पण पाणी गढूळ तपकिरी दिसते आणि नवख्याला वाटते की सगळे बिघडले. त्यात लिंबाचा किंवा चिंचेचा आंबट कोळ पडला की रंग पालटतो, पाणी लाल होते आणि सुती कापड तो रंग ओढून घेऊ लागते. तुरटी लागत नाही, भट्टी लागत नाही. उलट आच लागली तर रंग बिघडतो. एकदा बुडवले तर फिका गुलाबी, पुन्हा पुन्हा बुडवले तर गडद कुसुंबा. इतके रसायनशास्त्र प्रयोगशाळेशिवाय केवळ पाहून, चाखून आणि चुकून शिकलेल्या माणसांनी सांभाळले होते.

आता परभणीचा योगायोग पाहा. अखिल भारतीय समन्वित करडई संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र परभणीच्या कृषी विद्यापीठात आहे. ‘परभणी कुसुम’ म्हणजे पीबीएनएस-१२ हे तिथले गाजलेले वाण, आणि पीबीएनएस-४० हे बिनकाट्याचे. करडईचे काटे ज्याने एकदा अनुभवले आहेत, त्याला बिनकाट्याच्या वाणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ढोरे आत शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने करडई पेरायची रीत याच काट्यांमुळे पडली. काटा गेला की पाकळी वेचता येते. शिवाय दाणा भरायला लागल्यावर, फूल कोमेजताना पाकळ्या काढल्या तर तेलाचे उत्पन्न घटत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही बिनकाटेरी करडई आणि पाकळ्यांच्या उपयोगावर बरेच काम केले आहे. म्हणजे शेतकऱ्याने एक पीक सोडून दुसरे घ्यावे, असा हा प्रश्न नाही. त्याच झाडापासून तेल आणि रंग दोन्ही मिळू शकतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालयही आहे, पूर्वीचे गृहविज्ञान महाविद्यालय, आणि तिथे वस्त्रशास्त्र शिकवले जाते. रंग देणारे झाड आणि कापडाचे शास्त्र एकाच आवारात असण्याचे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या गावांना लाभले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की कुसुंबा उन्हात उडतो. तो खरा आहे. १८५६ नंतर प्रयोगशाळेत रंग तयार होऊ लागले आणि पुढच्या काही दशकांत पक्के, स्वस्त रंग बाजारात आले, तेव्हा कुसुंब्याचा टिकाव लागला नाही. पण जपानमधल्या यामागाता भागाने हाच उडणारा रंग सोडला नाही. तिथे आजही करडईची फुले रंगासाठी पिकवली जातात. जुन्या जपानी छापचित्रांतला नाजूक गुलाबी याच फुलाचा, आणि तो फिका पडतो हे ठाऊक असूनच तिथली संग्रहालये ती चित्रे मंद उजेडात ठेवतात. रंग पक्का नाही ही उणीव रोज धुण्याच्या कपड्याला लागू पडते. कलावस्तूला ती लागू करताना थोडे थांबले पाहिजे. उन्हात फिका पडणारा रंग आपल्या वयाचा हिशेब स्वतःच दाखवतो, आणि वनस्पतीच्या साहित्यात काम करणाऱ्या कलावंताला हे साधन म्हणून वापरता येते.

दुसरा आक्षेप याहून मोठा: जी वस्तू कुजते, वाळवी खाते, पावसात विरघळते, तिच्यात कसली आली आठवण? याचे उत्तर परभणीच्या काही भागांत दर वर्षी मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसेला, रानात उभे असते. लातूर-धाराशिवकडे हा सण मोठा. परभणी आणि नांदेडच्या काही भागांतही तो होतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, शेंडे एकत्र बांधून त्रिकोणी खोप करायची, आत पांडव म्हणून पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, आंबील, भज्जी आणि उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि आल्यागेल्याला बोलावून रानातच जेवायचे. खोप फार दिवस ठेवण्यासाठी नसतेच. ठेवत नाहीत म्हणूनच ती दर वर्षी कोणीतरी बांधतो, आणि बांधताना पेंढी कोणत्या कोनात रोवली की वारा तिला पाडत नाही, हे धाकट्याला दाखवतो. जपानचे इसे देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाचे आणि नव्या गवताच्या छपराचे बांधतात, ते याच विचाराने. वेरूळचा गिलावा टिकून आठवण सांभाळतो, येळवसेची खोप मोडून सांभाळते. दोन्हींत झाड आहे. फरक एवढाच की दुसरीला दर वर्षी कडबा लागतो, आणि ज्वारीचे क्षेत्र आटत गेले की कडबा विकत आणून खोप बांधायची वेळ येते. कोणी सांगेल की लोखंडी सांगाडा आणि प्लॅस्टिकची पाने लावूनही सण साजरा होईल. होईल, पण पेंढी रोवायचा कोन त्यातून कोणी शिकणार नाही.

तिसरा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही आणि टाळूही नये. अंबाडीचा दोर वळण्याची कला परभणीत, साऱ्या मराठवाड्यात, एका जातीच्या माथी बसवलेली होती. मातंग समाजातल्या माणसाने अंबाडीचे भारे पाण्यात कुजत घालायचे, साल सुटली की ती घाणेरड्या पाण्यात उभे राहून सोलायची, धुवायची, वाळवायची, वळायची, आणि पोळ्याच्या आधी गावातल्या बैलांना नवी वेसण, कासरे, दावी पुरवायची. मोबदला बलुत्याचा, म्हणजे खळ्यावर पदरात पडेल तेवढे धान्य, आणि वर अस्पृश्यतेचा अपमान. या समाजातल्या मुलांनी हे काम टाकून शाळेची वाट धरली, ती योग्यच होती. नायलॉनचा दोर आला तेव्हा तो अनेकांना सुटकेसारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. मग ही आठवण कशाला जागवायची? माझे उत्तर असे, की आठवण निवडून घेता येत नाही. दोरातला पीळ हवा आणि त्यामागचे बलुते विसरायचे, हा लबाडीचा व्यवहार झाला. ज्यांनी हे कौशल्य शतकानुशतके सांभाळले त्यांच्या नावासह, त्यांच्यावरच्या अन्यायासह ते सांगितले गेले पाहिजे, आणि त्याचा पैसा आधी ज्यांना ते येते त्यांच्या हातात पडला पाहिजे. कौशल्य शिकण्याला जातीचे बंधन नसावे आणि करण्याची सक्ती कोणावरच नसावी.

दोर वळणे हे केवळ कष्टाचे काम नव्हते, त्यात शिल्पकाराची बुद्धी होती, हे पटत नसेल तर मृणालिनी मुखर्जी यांचे काम पाहावे. १९४९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या या शिल्पकाराने १९७० च्या दशकापासून बाजारात मिळणारे वनस्पतीच्या धाग्यांचे दोर घेतले, रंगवले आणि गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच शिल्पे उभी केली. आधी कागदावर आराखडा नाही. गाठ पुढची गाठ ठरवत जाई. २०१५ मध्ये त्या गेल्या, आणि २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. गाठ कुठे ओढावी, ओझे कुठे पेलावे, धागा किती ओला असताना वळावा, हा विचार शिंके विणणाऱ्यानेही केलेला असतो. शिंक्याला बाजारात भाव मिळाला नाही म्हणून त्यामागची बुद्धी कमी ठरत नाही. या दोन कामांत उंचीचा आणि हेतूचा फरक आहे आणि तो मान्य करायलाच हवा. मुखर्जींनी दोराला जे रूप दिले ते त्यांच्याच प्रतिभेचे. पण बाजारात दोर नसता, तर ती प्रतिभा दुसरीकडे वळली असती.

शेवटचा मुद्दा बाजाराचा. शहरांत आज ‘नैसर्गिक’ कलावस्तूंना मागणी आहे: वाळलेली फुले, तागाच्या पिशव्या, पाने दाबून केलेली चित्रे. त्यांतल्या बऱ्याच वस्तूंवर कोणत्या गावचे झाड, कोणाचा हात, कोणता हंगाम, याचा पत्ताच नसतो. मग ती वस्तू वनस्पतीची असूनही तिच्यात कसलीच आठवण उरत नाही. ती फक्त तपकिरी रंगाची सजावट होते. परभणीला या बाजारात उतरायचे असेल, तर स्वस्त माल देऊन टिकाव लागणार नाही, कारण यंत्र नेहमीच स्वस्त पडते. परभणीजवळ विकण्यासारखे दुसरे काही आहे. अमुक शिवारातल्या पीबीएनएस-४० करडईचा रंग, देशी कापसाच्या हातसुतावर चढवलेला, रंगवणारीच्या नावासकट, फिका कसा पडेल हे आधीच सांगून. अशा वस्तू थोड्या होतील. पण ज्वारी, अंबाडी, करडई यांचे एखाद-दुसरे तास रानात राहायला थोड्याच वस्तू पुरतात, कारण या कलेला एकरांनी पीक लागत नाही.

म्हणून विनंती मोठी नाही. ज्यांचे रान आहे त्यांनी कपाशीच्या किंवा तुरीच्या कडेने अंबाडीचे एक तास टाकावे. भाजी घरात खाता येईल आणि साल कोणाच्या तरी हाताला मिळेल. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी रंगपेटीबरोबर एकदा करडईच्या पाकळ्या, राखेची निवळी आणि लिंबू मुलांपुढे ठेवावे. विद्यापीठातल्या करडई प्रकल्पाने आणि वस्त्रशास्त्र विभागाने एकाच प्रात्यक्षिक क्षेत्रावर मिळून काम करावे, आणि तिथे ज्यांच्या घरात दोर वळला जात होता अशा जाणत्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. कोरडवाहू करडईची पेरणी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत होते. बियाणे विद्यापीठात मिळते, आणि काटे नकोत असतील तर बिनकाटेरी वाण मागून घ्यावे.